जाब कोणाला विचारायचा?

'जबाबदारी' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ज्याच्यापाशी जवाब आहे, ज्याला उत्तर द्यावे लागते, तो जबाबदार. 'जाब विचारणे' हा आपला रोजच्या बोलण्यातला प्रयोगही त्याच घरातला. हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, दफ्तर हे शब्दसुद्धा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की ते बाहेरून आले हे आज कोणाच्या ध्यानीमनी नसते. हिशेब आणि जबाब हे दोन शब्द व्यवहारात असे शेजारी शेजारी नांदत आले, त्यामागे एक जुनी समजूत आहे. जो वही लिहितो त्याने वहीबद्दल उत्तर दिले पाहिजे, ही ती समजूत. मुनीम चुकला तर त्याला बोलावून विचारता येत असे आणि मुनीम सापडला नाही तर मालकाच्या पेढीवर जाऊन बसता येत असे.

आज ही समजूत ढिली होऊ लागली आहे. वही आता यंत्र लिहिते आणि यंत्राला जाब विचारता येत नाही. मग तो कोणाला विचारायचा? हा प्रश्न तंत्रज्ञांनी सोडवावा असे अनेकांना वाटते. आम्हाला मात्र तो मुळात नीतीचा प्रश्न वाटतो आणि म्हणून साहित्याच्या वार्षिकात त्याची चर्चा करणे अप्रस्तुत वाटत नाही.

मोठ्या उद्योगांचा कारभार चालवणाऱ्या संगणकप्रणालींचा एक स्वतंत्र धंदा आहे. सामान्य माणसाला त्याची नावे फारशी ठाऊक नसतात. १९७२ साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 'सॅप' ही कंपनी काढली. एका कारखान्याची खरेदी, विक्री, गोदाम, पगार आणि जमाखर्च हे सगळे एकाच प्रणालीत बांधायचे, ही त्यांची कल्पना. आज जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे दफ्तर अशाच कुठल्या तरी प्रणालीत असते. आपल्या पगाराची पावती, रजेचा अर्ज, दवाखान्याच्या बिलाचा दावा, दुकानात आलेल्या मालाची नोंद या सगळ्यांच्या मागे ती असते. पुण्यातील हिंजवडी-खराडीत, नवी मुंबईच्या ऐरोलीत काम करणाऱ्या हजारो मुलामुलींचे पोट या प्रणाली बसवण्यावर, दुरुस्त करण्यावर आणि सांभाळण्यावर चालते. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा, म्हणजे टीसीएसचा, मोठा पसारा याच कामावर उभा राहिला. तेव्हा हा विषय दूर देशीचा असला तरी परका नाही.

या धंद्यात सध्या तीन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून प्रणाली केवळ नोंद ठेवत नाही, निर्णयही घेऊ लागली आहे. त्या जोरावर माणसे कमी केली जात आहेत. आणि ज्या प्रणाली जगाला प्रदूषणाचा हिशेब ठेवायला शिकवतात, त्याच प्रणाली वीज आणि पाणी अधिकाधिक पिऊ लागल्या आहेत. वर्तमानपत्रांत या तिन्हींच्या बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात. आम्हाला त्या एकाच प्रश्नाच्या तीन बाजू वाटतात.

आधी निर्णयाची बाजू पाहू. यंत्राच्या वहीवर आंधळा विश्वास ठेवला तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडून गेले आहे. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली बसवली. ती फुजित्सू कंपनीने पुरवलेली होती. गावोगावचे टपाल कार्यालय चालवणाऱ्या साध्या दुकानदारांच्या खात्यात या प्रणालीने तूट दाखवायला सुरुवात केली. त्यांनी सांगितले, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. प्रणाली म्हणत होती, घेतले आहेत. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. कित्येकांनी घरदार गहाण टाकून नसलेली तूट भरून दिली. २०१० साली भारतीय वंशाची एक बाई गरोदर असताना तुरुंगात गेली. दोष प्रणालीत होते, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. जुलै २०२५ मध्ये चौकशीच्या अहवालाचा पहिला भाग आला. या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी जीव दिला असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे.

ही प्रणाली बुद्धिमान नव्हती, साधी जमाखर्चाची होती, हे इथे ध्यानात घ्यावे. इंग्लंडमध्ये संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याने संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे, अशी अट पूर्वी होती. १९९९ च्या कायद्याने ती अट काढून टाकली आणि उलट दाखवले जात नाही तोवर यंत्र बरोबर आहे, असे न्यायालये धरून चालू लागली. माणसाच्या साक्षीची उलटतपासणी होते. त्याचा हेतू, त्याची स्मरणशक्ती, त्याची चालचलणूक तपासली जाते. यंत्राची साक्ष मात्र तपासणीवाचून खरी धरली गेली. दुकानदारांवरचा अन्याय यंत्राच्या चुकीने सुरू झाला हे खरे, परंतु तो पूर्ण केला तो माणसांनीच. तक्रारी येत असूनही प्रणाली चोख आहे असे सांगणारे अधिकारी माणसेच होती. यंत्र खोटे बोलत नाही, ते फक्त चुकते. चुकलेल्याला खरे ठरवून दुसऱ्याचा बळी देणे हे पाप माणसाच्याच खाती जमा होते.

आता याच्या पुढची पायरी आली आहे. या धंद्यातला परवलीचा नवा शब्द आहे 'एजंट'. प्रणाली आता नुसते सांगणार नाही, स्वतः काम उरकणार. बिल तपासणार, मालाची मागणी नोंदवणार, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर देणार, अर्जदारांची यादी गाळणार. आपल्या कायदेव्यवहारात यासाठी एक जुना शब्द आहे, मुखत्यार. मुखत्यारपत्र लिहून दिले की मुखत्याराने त्या अधिकारात केलेला व्यवहार धन्यावर बंधनकारक होतो. मुखत्याराने धन्याला फसवले तर धनी त्याला कोर्टात खेचू शकतो, परंतु तिऱ्हाइताला 'ते मुखत्याराने केले, मला विचारू नका' असे सांगू शकत नाही.

अगदी हेच सांगण्याचा प्रयत्न एका विमान कंपनीने करून पाहिला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवाशाने पैसे मागितले तेव्हा कंपनीने असा युक्तिवाद केला की ते यंत्र स्वतंत्र आहे आणि आपल्या कृत्यास स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व मोठे होते. मुखत्यार माणूस असेल तर जबाबदारी त्याच्यात आणि धन्यात वाटली जाते. मुखत्यार यंत्र असेल तर ती वाटता येत नाही. यंत्राला लाज नाही, तुरुंग नाही, विवेक नाही. म्हणून ज्याने ते कामाला लावले त्याच्यावरच सगळा भार राहतो. यंत्राकडे काम सोपवल्याने जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते, असे आमचे म्हणणे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसाचा निर्णय तरी कुठे निर्मळ असतो? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी केलेला एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना प्रतिसाद कमी आला आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. आपल्या वाचकांना हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. अर्जावरचे नाव वाचताच आवाज बदलतो, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. मग यंत्रच बरे नाही का? ते नाव पाहणार नाही, पोशाख पाहणार नाही, मोहल्ला विचारणार नाही.

दिसायला हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण यंत्र शिकते कशावरून? जुन्या नोंदींवरून. ज्या नोंदींत ठरावीक माणसांनाच नोकऱ्या मिळाल्या आहेत, त्यांतून ते 'चांगला उमेदवार' म्हणजे कोण हे ठरवते. अॅमेझॉनने अर्ज गाळणारे असे एक यंत्र बनवून पाहिले होते. पूर्वीच्या अर्जांत पुरुषच अधिक असल्यामुळे ते बायकांचे अर्ज खाली ढकलू लागले आणि कंपनीला तो प्रयोग सोडावा लागला, ही बातमी २०१८ साली जगभर गाजली. अमेरिकेत 'वर्कडे' या कंपनीच्या प्रणालीविरुद्ध २०२३ मध्ये एका अर्जदाराने दावा लावला. शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करूनही वंश, वय आणि अपंगत्व यांमुळे आपण गाळले गेलो, असे त्याचे म्हणणे आहे. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि ते सिद्ध झालेले नाहीत. मात्र प्रणाली पुरवणारी कंपनीही या भेदभावाला उत्तरदायी ठरू शकते का, हा प्रश्न ऐकून घेण्यासारखा आहे, एवढे न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानेही नोकरभरतीची अशी यंत्रे अधिक जोखमीच्या वर्गात घातली.

पक्षपाती साहेबाने एका कचेरीत दार लावले तर दुसऱ्या कचेरीचे दार ठोठावता येते. एकच प्रणाली हजार कचेऱ्यांत बसली तर एका नकाराच्या हजार नकला निघतात. माणसाचा पक्षपात किरकोळीचा, यंत्राचा घाऊक. परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे की यंत्राचा पक्षपात मोजता येतो. साहेबाच्या मनात शिरता येत नाही, प्रणालीची नोंद मात्र तपासता येते. तपासू देण्याची सक्ती असेल तर यंत्र माणसापेक्षा न्यायी होऊ शकेल. तशी सक्ती नसेल तर जुना अन्याय गणिताचा अंगरखा घालून वावरेल आणि त्याला अन्याय म्हणणेही अवघड होऊन बसेल.

दुसरी बाजू कामगारांची. जानेवारी २०२४ मध्ये सॅपने कृत्रिम बुद्धिमत्तेवर लक्ष केंद्रित करायचे म्हणून सुमारे आठ हजार पदांची फेररचना जाहीर केली आणि पुढे हा आकडा वाढवला. त्यातील बऱ्याच जणांना स्वेच्छेने जाण्याचा किंवा नवे शिक्षण घेण्याचा मार्ग होता, हेही नमूद करायला हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वर्कडेने सुमारे १,७५० जणांना कमी केले. सेल्सफोर्सचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांनी त्याच वर्षी सांगितले की गिऱ्हाइकांच्या मदतीसाठी असलेली नऊ हजार माणसे आता पाच हजारांवर आली आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. सगळी कपात यंत्राच्या माथी मारणे बरोबर नाही. कधी मंदी असते, कधी आधी केलेली बेसुमार भरती असते, आणि कधी 'यंत्रामुळे' म्हटले की भागधारक खूश होतात.

आम्हाला अधिक चिंता वाटते ती नोकरी गेलेल्यांइतकीच नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील पगाराच्या नोंदी तपासून एक निबंध मांडला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्पर्श अधिक असलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार तुलनेने १३ टक्क्यांनी घटला, अनुभवी माणसांचा मात्र तसा घटला नाही, असे त्यांना आढळले. एकूण रोजगारावर अजून मोठा परिणाम दिसत नाही, असे येल विद्यापीठातील अभ्यासकांचे म्हणणे आहे. दोन्ही खरे असू शकते. छप्पर जागेवर असते आणि खालची पायरी निखळलेली असते.

ही खालची पायरी म्हणजे काय, हे मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना सांगायला नको. मागाच्या घरात मूल आधी कांड्या भरायला बसत असे. कांड्या भरता भरता सूत कसे तुटते, ताणा कुठे सैल पडतो, हे त्याला कळत जाई आणि मग कधीतरी ते मागावर उभे राही. हातमागाच्या जागी यंत्रमाग आला तेव्हा अनेकांचे हाल झाले, तरी शिकण्याची ही वाट पुरती बुजली नाही. संगणकाच्या धंद्यातही कांड्या भरण्याचे काम होते. नवख्याने चाचण्या घ्यायच्या, तक्रारींच्या चिठ्ठ्या निकाली काढायच्या, दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचून तिच्यातली चूक शोधायची. काम कंटाळवाणे खरे, पण त्यातूनच जाणकार घडत होता. याच कामाच्या जोरावर, घरात पहिल्यांदाच पदवी मिळवलेली कितीतरी मुलेमुली महानगरात पाय रोवू शकली. त्यांच्यामागे ओळख नव्हती, वडिलांची कंपनी नव्हती. होती ती फक्त खालची पायरी. नेमकी तीच आज यंत्र उचलून नेत आहे.

कंटाळवाण्या कामापासून सुटका ही चांगलीच गोष्ट, असे कोणी म्हणेल. आम्हीही कष्टाची पूजा करणारे नाही. बालमजुरीच्या कांड्या बंद व्हायलाच हव्यात. परंतु शिकण्याची संधी काढून घेताना तिच्या जागी दुसरी संधी देणे हे कोणाचे कर्तव्य? आजचा जाणकार ज्या पायरीवरून चढला ती पायरी त्याच्या मालकीची नव्हती. ती त्याच्याकडे अमानत होती आणि पुढच्यांसाठी ती सोडून जायची होती. शिवाय यंत्र जे शिकले ते याच लोकांच्या कामातून शिकले. वर्षानुवर्षे त्यांनी सोडवलेल्या अडचणी, लिहिलेली उत्तरे हीच यंत्राची शिदोरी. ज्याच्या शिदोरीवर पोट भरले त्याला दाराबाहेर काढणे हे कायद्यात बसेल, पण हलालाच्या कमाईत बसते का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरी बाजू पृथ्वीची. कंपन्यांनी आपण किती धूर सोडला, किती पाणी वापरले याची नोंद ठेवावी, हा विचार गेल्या काही वर्षांत कायद्यात उतरला. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून देशातील पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल बंधनकारक केला. युरोपातही तसा व्यापक कायदा जानेवारी २०२३ मध्ये अमलात आला. या प्रणालींच्या धंद्याला त्यातून नवे दालन मिळाले, कर्बाची खातेवही. पैशाच्या खात्याशेजारी धुराचे खाते. कल्पना चांगली आहे आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. जे मोजले जात नव्हते ते मोजले जाऊ लागले.

पण ही वही लिहिणारे यंत्रच काय खाते? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील विदा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून अधिक होईल. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये असा संकल्प सोडला होता की २०३० पर्यंत आपण हवेत सोडू त्याहून अधिक कर्ब काढून घेऊ. चारच वर्षांनी त्या कंपनीच्याच अहवालात उत्सर्जन २९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. गूगलचे २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये ४८ टक्क्यांनी वाढले. भारतात विदा केंद्रांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. म्हणजे या यंत्राची भूक आपल्याच वीजवाहिन्यांवर येणार. युरोपात तर २०२५ साली उद्योगांची तक्रार ऐकून अहवालाच्या मुदती पुढे ढकलल्या गेल्या. हिशेब जोवर स्वस्त होता तोवर ठेवला, महाग पडू लागला तेव्हा वही मिटली.

या कंपन्यांनी आकडे लपवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने बोलायला हवे. परंतु इथेच एक घोटाळा होतो. कर्जाची नोंद चोख ठेवणारा माणूस कर्जमुक्त होत नाही. बाकी लिहिणे निराळे आणि बाकी फेडणे निराळे. शिवाय या बाकीचा धनको कोण? अजून जन्माला न आलेली माणसे, आणि ज्यांच्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते ती माणसे. ती पेढीवर येऊन बसू शकत नाहीत.

आता तिन्ही बाजू एकत्र पाहू. ज्याच्यावर अन्याय झाला तो अर्जदार, ज्याची पायरी गेली तो नवखा आणि ज्याची वीज-पाणी गेले ते उद्याचे मूल, या तिघांचीही अडचण एकच. त्यांना कोणी उत्तर देत नाही. 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य आपण बँकेत, रेशनच्या दुकानात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर ऐकत आलो आहोत. या वाक्याला कर्ता आहे, पण तो माणूस नाही. अन्यायाचा कर्ता नाहीसा करणे हा अन्याय करण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग असतो.

यावर यंत्रे फोडणे हा उपाय नाही आणि ती फुटणारही नाहीत. आम्हाला तीन साध्या गोष्टी मागाव्याशा वाटतात. यंत्राने घेतलेल्या प्रत्येक नकाराच्या खाली माणसाचे नाव असावे, आणि त्या माणसाला तो नकार बदलण्याचा अधिकार असावा. यंत्रामुळे जी बचत होते तिचा ठरावीक भाग नवख्यांच्या शिकण्यासाठी बाजूला काढावा. याला दान म्हणू नये, ती शिदोरीची परतफेड आहे. आणि धुराच्या वहीत बाकी वाढत असेल तर नुसत्या नोंदीवर न थांबता ती कधी आणि कशी फेडणार, हे सांगण्याचे बंधन असावे.

या मागण्या कोणी मानेल का, हे सांगता येत नाही. त्या न मानण्याची किंमत मात्र ब्रिटनमधल्या त्या टपालवाल्यांनी मोजून दाखवली आहे. ती वही वर्षानुवर्षे चुकीची होती आणि दारोदार हिंडणारी माणसे खरे बोलत होती. वहीपेक्षा माणसाचे ऐकून घ्यायला कोणी तयार असते तर एवढे संसार मोडले नसते. यंत्र कितीही शहाणे झाले तरी समोर उभ्या असलेल्या माणसाला 'तुझे म्हणणे काय?' हे विचारण्याचे काम आपल्याकडेच राहणार आहे. ते आपण सोडले तर जाब विचारायला जागाच उरणार नाही.